प्रकरण सतरावे: ठमीच्या प्रश्नावर भरलेली सभा

माणसाला कोण आवडावे, हे तो जन्माला येतानाच घेऊन येतो की पुढे जगता जगता शिकतो, या प्रश्नावर जगभरच्या विद्वानांनी आयुष्ये वेचली आहेत, जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत आणि एकमेकांचे तोंड पाहणे सोडले आहे. या घराने तो प्रश्न शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात निकालात काढायचे ठरवले. पाचनंतर जमणार नव्हते. सव्वापाचला आक्काला दाताच्या डॉक्टरकडे जायचे होते.

सभा नेहमीप्रमाणे दुकानामागच्या तपासणीच्या खोलीत भरली. आप्पांनी, म्हणजे ठमीच्या आजोबांनी, चष्म्यांचे हे दुकान काढले तेव्हाच घराचे नियमही काढले होते. त्यांचे म्हणणे असे, की घरात भांडणे होतात ती प्रत्येकाला फक्त आपलीच बाजू नीट दिसते म्हणून. यावर त्यांनी उपाय काढला. वादाचा विषय निघाला की चार चिठ्ठ्या करायच्या, दोन ‘बाजूने’, दोन ‘विरुद्ध’. त्या चष्म्याच्या रिकाम्या घरात घालून हलवायच्या आणि ज्याच्या हाताला जी लागेल त्याने ती बाजू मांडायची, मनात काहीही असो. ज्याच्याबद्दल सभा असेल त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचे नाही. पन्नास वर्षांत अशा सव्वीस सभा झाल्या. ठमीच्या आईने गाडी चालवायला शिकावे की नाही, यावरची सभा तिला परवाना मिळून दोन महिने झाल्यावर संपली. सव्वीसपैकी एकाही सभेत काही ठरले नव्हते. पण भांडणही कधी झाले नव्हते, कारण आपण नेमके कोणाच्या बाजूने चिडायचे हेच कोणाला कळत नसे.

ही सत्ताविसावी. विषय निघाला होता मंगळवारी, काचा घासायच्या यंत्रापाशी.

ठमी चौतीस वर्षांची. दुकान आता तीच चालवते आणि डोळे वडिलांपेक्षा, म्हणजे नानांपेक्षा, चांगले तपासते, हे नाना गिऱ्हाइकांना स्वतः सांगतात, फक्त तिच्यासमोर नाही. मंगळवारी नाना एका गिऱ्हाइकाची काच फ्रेमच्या मापात घासत होते, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

“नाना, माझी ती पुलांवर काम करणारी मैत्रीण आहे ना.”

“पूलवाली? हो. तिचं काय?”

“ती नुसती मैत्रीण नाही.”

यंत्र चालूच होते.

“आम्हाला एकत्र राहायचंय. कायमचं. वरची खोली मिळाली तर इथेच राहू. नाहीतर तिला दुसऱ्या शहरात बदली मिळतेय, आणि मीही तिकडच्या एका दवाखान्यात विचारून ठेवलंय. सोमवारी तिला ऑफिसात उत्तर द्यायचंय.”

काच घासून घासून फ्रेमपेक्षा लहान झाली तेव्हा नानांनी यंत्र बंद केले. म्हणाले, “सभा घेऊ.”

आता विषय खरे तर वरच्या खोलीचा होता. पण सभेचा विषय लिहून काढण्याचे काम आक्काकडे. आक्का नानांची थोरली बहीण, बावीस वर्षे मुख्याध्यापिका होती. सोपा प्रश्न विचारणे हा विद्यार्थ्यांचा अपमान आहे, असे तिचे मत.

“‘खोली द्यावी का’ हा काय विषय झाला?” ती म्हणाली होती. “मुळाशी जायला हवं.” आणि मुळाशी जाऊन तिने कागदावर लिहिले: ‘समलिंगी आकर्षण हे जन्मजात असते.’ ‘समलिंगी’वर पेन थोडे थांबले होते, पण अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले.

ठमी तपासणीच्या उंच खुर्चीत बसली. दुसरी जागा नव्हती. त्यामुळे सगळ्यांना मान वर करून तिच्याकडे पाहावे लागत होते आणि ती शांतपणे समोरचा अक्षरांचा तक्ता वाचत होती, जो तिला तोंडपाठ होता.

ठमीच्या आईने चष्म्याचे घर हलवून पुढे धरले. नानांनी हात घातला. मंगळवारपासून ते मनातल्या मनात एकच गोष्ट धरून बसले होते: हे लागलेले असेल तर सुटेलही. माणसाला सुपारी लागते, सुटते. रेडिओवरची मालिका लागते, सुटते. त्यांनी चिठ्ठी उघडली. ‘बाजूने.’

“जन्मजात असतं, हे मी सिद्ध करायचं?”

“तू आणि मी,” आक्का आपली चिठ्ठी चष्म्याजवळ धरून म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता. मुलींची डोकी पुस्तकांनी फिरतात, असे ती पंचेचाळीस वर्षे म्हणत आली होती, आणि ठमीला पुस्तकांची सवय तिनेच लावली होती.

‘विरुद्ध’ची चिठ्ठी नानांच्या धाकट्या भावाला आली. तो गुरांचा डॉक्टर. ठमीचा काका. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

“आक्का, बदलून मिळेल?”

“आप्पांनी कधी कोणाला बदलून दिली होती?”

“पण मी चाळीस वर्षं जनावरं बघतोय. मला यातलं फार माहीत आहे.”

“मग फार बोलू नकोस. वेळ कमी आहे.”

उरलेली चिठ्ठी ठमीच्या आईची. तिने ती न उघडताच पदराशी धरली आणि म्हणाली, “चला, सुरू करा. चहा चार वाजता.”

आक्का उभी राहिली. सभेत बसून बोलणे तिला जमत नसे.

“आमच्या शाळेत,” तिने सुरुवात केली, “गणिताच्या बाई होत्या आणि भूगोलाच्या बाई होत्या. एकत्र राहायच्या. एकतीस वर्षं. एकीला ताप आला की दुसरीचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर. मी दर वेळी विचारायचे, ‘आजारी त्या आहेत, रजा तुम्हाला कशाला?’ आणि भूगोलाच्या बाई म्हणायच्या, ‘मग माझं लक्ष लागणार आहे का?’” आक्का थांबली. पुढचा मुद्दा तिने कागदावर लिहून आणला होता, पण ती कागदाकडे पाहत नव्हती. “सगळी शाळा त्यांना जोडी म्हणायची. म्हणजे खडू-डस्टरची असते तशी, असं मी धरून चालले होते.”

“मग?” नानांनी विचारले. ते तिच्याच बाजूचे होते, पण राहवले नाही.

“मग काय? गणिताच्या बाई गेल्या. भूगोलाच्या बाई दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या, कारण नातेवाइकाच्या निधनाची रजा त्यांना नियमात बसत नव्हती. मीच तसं लिहिलं होतं, लाल शाईत.” आक्का खाली बसली. “त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या शाळेत काय शिकवत होते ते मला माहीत आहे. तो माझा मुद्दा.”

ठमीने तक्त्यावरची नजर काढून आत्याकडे पाहिले. तिला बोलायला मनाई होती, म्हणून तिने खुर्चीचा पायाने दाबायचा दांडा दाबला आणि खुर्ची हळूहळू खाली, सगळ्यांच्या उंचीवर आली.

“धाकट्या, आता तू,” आक्का नाक पुसत म्हणाली. “विरुद्ध.”

काका घसा खाकरून उठला. “माझं असं म्हणणं आहे, की निसर्गात, म्हणजे, निसर्गाचं असं असतं, की...” तो अडकला. “एक मेंढा होता.”

“धाकट्या.”

“ऐकून तर घे. दिसायला राजबिंडा. मालकाने मोठ्या हौसेने आणलेला. कळपात सोडला तर माद्यांकडे ढुंकून बघेना. पलीकडच्या गोठ्यातल्या दुसऱ्या मेंढ्यापाशी जाऊन उभा. मालक म्हणाला, डॉक्टर, इंजेक्शन द्या. मी म्हणालो, कशाचं देऊ? ताप नाही, खातोय, पितोय. अहो, शंभर नरांमागे सात-आठ असे निघतातच, हे...”

“तू कुठल्या बाजूला आहेस?” नाना म्हणाले.

“विरुद्ध.”

“मग हे काय चाललंय?”

“मी म्हणतोय की,” काकाने कपाळावरचा घाम टिपला, “की त्या मेंढ्याला वाईट संगत लागली असेल.”

“पलीकडच्या मेंढ्याची?”

“हो. किंवा कादंबऱ्या.”

ठमीच्या आईला हसू आवरेना. आक्का आधी रागावली आणि मग, कादंबरी वाचणारा मेंढा डोळ्यांपुढे आल्यामुळे असेल, तीही हसायला लागली. नाना हसले नाहीत. त्या मालकाने शेवटी मेंढ्याचे काय केले, हे त्यांना विचारायचे होते, पण धीर होईना.

“ठेवून घेतला,” काका आपणहून म्हणाला. त्याने भावाचा चेहरा पाहिला होता. “लोकर उत्तम होती.”

चार वाजता चहा झाला. चहानंतर ठमीच्या आईची पाळी. ती उठली नाही. कप खाली ठेवून तिने पहिल्यांदाच आपली चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली.

“मी विरुद्ध. माझं म्हणणं एवढंच, की हिला जन्म दिला तेव्हा मी तिथे होते. तसं काही दिसलं नाही. केस होते आणि रडत होती.”

“हा मुद्दा नाही झाला, वहिनी,” काका तिच्याच बाजूचा असून म्हणाला.

“बरं, दुसरा सांगते. जन्मजात कोणाचंच काही नसतं. आता मला हे आवडतात,” तिने नानांकडे हनुवटीने दाखवले, “ते काय जन्मजात होतं?”

“म्हणजे काय?” नाना म्हणाले.

“म्हणजे लग्न झालं तेव्हा तुम्ही मला आवडत नव्हता.”

“हे तू कधी बोलली नाहीस.”

“यावर सभा नव्हती ना कधी. सात महिने लागले. तुम्ही रात्रंदिवस काचांबद्दल बोलायचात. मग एकदा माझ्या आईचा चष्मा तुम्ही स्वतः घेऊन गेलात, भर उन्हात, आणि तिच्या कानामागे घासतंय म्हणून तिच्या पायाशी बसून दांडी वाकवत राहिलात. तासभर. तेव्हा आवडलात.”

नानांना हे आठवत नव्हते. दांड्या त्यांनी हजारो वाकवल्या होत्या.

“पण वहिनी,” काका विचारात पडून म्हणाला, “हे आवडले, हे सवयीने झालं, मान्य. पण मुळात पुरुष आवडणं? तेही सवयीनं?”

ठमीच्या आईने थोडा विचार केला. “ते मला कोणी विचारलंच नाही, भावजी. लग्न ठरलेलं होतं.”

तिने ते कुरकुरत म्हटले नव्हते. भाजी संपली होती म्हणून दुसरी केली, अशा सुरात म्हटले होते. पण नानांनी बायकोकडे, आपण नवीन गिऱ्हाइकाकडे पाहतो तसे पाहिले, आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर थोपटले.

“बोला आता. तुमची पाळी.”

नाना उठले. त्यांनी काही लिहून आणले नव्हते. आयुष्यात त्यांना एकच गोष्ट नीट माहीत होती, म्हणून त्यांनी संपलेल्या बिलबुकांचे तीन पुठ्ठे घेतले, मधोमध पंचने भोक पाडले आणि तिघांच्या हातात एकेक दिला.

“हात लांब करा. दोन्ही डोळे उघडे. भोकातून तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर धरा. धरलं? आता पुठ्ठा न हलवता एक डोळा मिटा. मग तो उघडून दुसरा मिटा.”

साठी-सत्तरीच्या घरातली दोन माणसे आणि एक गुरांचा डॉक्टर हात लांब करून, जीभ दातांत धरून, एक एक डोळा मिटायला लागली. दुकानाच्या काचेतून कोणी पाहिले असते तर दुसरे दुकान शोधले असते.

“अरे! अक्षर गेलं!” आक्का ओरडली.

“कुठला डोळा मिटल्यावर?”

“डावा.”

“मग तुझा डावा डोळा मुख्य. दोन्हींनी बघतेस, पण नेम डावा धरतो.”

“माझा उजवा,” काका म्हणाला.

“माझा डावा,” ठमीची आई म्हणाली. “तुमचा?”

“उजवा.”

“चाळीस वर्षं मी डावीकडून बघतेय आणि हे उजवीकडून,” ती म्हणाली. “उगाच नाही गाडी लावताना भांडणं होत.”

“नान्या, हे मला आज कळतंय,” आक्का दुखावून म्हणाली. “एकाहत्तर वर्षं हा डोळा माझ्याकडे आहे. मला कोणी सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस. तुझं काही अडत नव्हतं, मग विचारणार कशाला?” नाना आता सभेत नव्हते, दुकानात होते, आणि दुकानात त्यांचा आवाज कधी कापत नसे. “हा प्रत्येकाला असतो. बहुतेकांचा उजवा, बऱ्याच जणांचा डावा. कोणी ठरवून घेतलेला नसतो. का, ते विचारलंत तर मला सांगता येणार नाही. पुस्तकांत चार कारणं दिलीत, चारही एकमेकांशी भांडतात.”

“पण शिकवून बदलत असेल ना?” काकाने विचारले. विरुद्ध बाजूचा म्हणून त्याला एक तरी प्रश्न विचारणे भाग होते. “मुख्य डोळ्यावर पट्टी बांधून ठेवली तर?”

“लहानपणी?”

“हो.”

“चांगल्या डोळ्यावर उगाच पट्टी बांधली तर दुसरा काही मुख्य होत नाही,” नाना म्हणाले. “ज्यावर बांधली त्याची नजर मंदावते. मग जन्मभर...”

ते थांबले. आपण कोणाबद्दल बोलतो आहोत हे त्यांना बोलता बोलता कळले होते. सुपारी सुटते, मालिका सुटते, असे ते मंगळवारपासून स्वतःला सांगत होते, आणि आता एकेचाळीस वर्षांच्या अनुभवानिशी, चार साक्षीदारांसमोर, त्यांनी स्वतःलाच नाही म्हणून सांगितले होते.

ते स्टुलावर बसले. “माझी बाजू संपली,” म्हणाले. मग, कोणाकडेच न बघता, “पण मला एक सांगा. जन्मजात म्हणावं तर रक्त माझं. लागलेलं म्हणावं तर घर माझं. मी कुठूनही बघितलं तरी चूक माझीच दिसतेय. ती नेमकी कुठली, तेवढं मला कोणीतरी सांगा.”

काकाने चष्मा काढून पुसला. आक्काने घड्याळाकडे पाहिले, आणि पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

“ठमे,” आई म्हणाली, “आता तू बोल. नियम संपला.”

ठमी खुर्चीतून उतरली. ती नानांच्या समोर जाऊन उभी राहिली, गिऱ्हाईक म्हातारे असले की उभी राहते तशी, थोडी वाकून.

“नाना, जन्मजात आहे का, ते मला माहीत नाही. मला कळलं तेव्हा ते होतंच. तेरा-चौदाची असेन. बाकीच्या मुली ज्या मुलांबद्दल बोलायच्या, त्यांच्याबद्दल मीही बोलायचे, नापास व्हायला नको म्हणून. पण तुम्ही चूक कसली शोधताय?”

“बाप आहे मी.”

“दुकानात कोणी आलं की तुम्ही पहिलं काय विचारता?”

“काय तक्रार आहे?”

“मग मला विचारा ना.”

नानांनी तिच्याकडे पाहिले. मग स्टूल थोडे पुढे ओढले.

“काय तक्रार आहे?”

“काही नाही,” ठमी म्हणाली. “मी मजेत आहे, नाना. ती भेटली की माझा दिवस संपल्यासारखा वाटतो, ती नसली की चालू राहतो. एवढंच आहे. आणि मला हे दुकान सोडायचं नाहीये. तुम्हाला सोडून जायचं नाहीये. मी वरची खोली मिळेल का विचारलं होतं. तुम्ही मेंढ्यापर्यंत गेलात.”

“मेंढा चांगला होता,” काका पुटपुटला.

“ती... पूलवाली,” नानांनी विचारले, “ती तुझ्याशी नीट वागते?”

“मी चिडले की वाट बघते. पुलांबरोबर राहून सवय झालीय तिला. घाईने काही हलवत नाही.”

आक्का उठली. “मतदान,” ती म्हणाली. “मला निघायचंय. आप्पांचा नियम: शेवटी ज्याने त्याने मनाप्रमाणे हात वर करायचा. विषयाच्या बाजूने?”

आक्काचा हात वर झाला, मग काकाचा, मग बऱ्याच वेळाने नानांचा.

“विरुद्ध?”

ठमीच्या आईने हात वर केला.

“आई!” ठमी म्हणाली.

“मला सात महिने लागले होते,” आई म्हणाली. “मी खोटं नाही बोलणार. आणि मला तुझं बारावीपासून माहीत होतं. तू त्या हॉकीच्या मुलीला रोज सोडायला जायचीस आणि तिचं घर आपल्या उलट्या बाजूला होतं. जन्मजात की काय ते तुम्ही बघा. पांघरुणं मात्र मी वर नेऊन ठेवलीत.”

“कधी?” नानांनी विचारले.

“मंगळवारी. तुम्ही ‘सभा घेऊ’ म्हणालात तेव्हाच.”

नाना बायकोकडे पाहत राहिले. मग उठले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, “वर जुन्या फ्रेमींची खोकी आहेत. चाळीसेक तरी असतील. आज निम्मी खाली आणू.”

“मला दात आहे,” आक्का म्हणाली. ती दाराशी जाऊन थांबली, परत आली, आणि ठमीच्या गालाला हात लावून निघून गेली. जाताना एक खोके मात्र घेऊन गेली. त्यात काय आहे हे तिलाही माहीत नव्हते.

रविवारी दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. काकाने भिंतीला रंग द्यायला मदत केली आणि फरशीलाही दिला. नानांनी खिडकीची काच स्वतः पुसली, दोन्ही बाजूंनी, उजेडाकडे धरून पाहता येत नव्हती म्हणून बाहेर जाऊन पाहिली. सोमवारी संध्याकाळी पूलवाली टेम्पोत सामान घेऊन आली. उंच, कमी बोलणारी, हातावर उन्हाचे पट्टे. नानांनी तिला पाणी दिले आणि दुसरे काही सुचेना म्हणून खुर्चीत बसवून तिचे डोळे तपासले. नंबर नव्हता. नानांना जरा वाईट वाटले.

“तुम्हाला मी काय म्हणू?” तिने विचारले.

“नानाच म्हण. सगळे म्हणतात.”

“नाना, पुस्तकं आणि गादी वर नेते. मग कपाट तेवढं राहील.”

कपाट तिच्या आजोबांचे, शिसवी, एकसंध. काकाने एक बाजू धरली, पूलवालीने दुसरी. ठमी मागून ढकलत होती आणि नाना पुढे उभे राहून “थोडं डावीकडे” म्हणत होते, तर ठमीची आई “उजवीकडे.” पूलवालीने मोठमोठ्या पुलांवरून किती टनांचे ट्रक जाऊ शकतील ते आयुष्यभर मोजले होते, पण हा जिना मोजायचा राहून गेला होता.

कपाट तीन फूट रुंद आहे आणि तेवढेच खोल. जिना अडीच फुटांचा आहे.